वजन उतरवणारी औषधं: चिठ्ठीवरची, चिठ्ठीशिवायची आणि निवड करायची रीत

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं ते कडक औषध आणि चिठ्ठीशिवाय मिळतं ते सौम्य, असा आपला ठाम समज असतो. डोकेदुखीच्या गोळीपुरता तो चालून जातो. वजनाच्या औषधांत मात्र तो चांगलाच अंगाशी येऊ शकतो. फेनिलप्रोपॅनोलअमाइन हे भूक मारणारं औषध अमेरिकेत वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय मिळायचं, सर्दीच्या गोळ्यांतही असायचं. त्यानं मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, विशेषतः स्त्रियांमध्ये, असं दिसल्यावर २००० साली ते बाजारातून काढायला लावलं गेलं. एफेड्रा ही वनस्पती तर 'नैसर्गिक' म्हणूनच खपत होती. हृदयविकाराच्या आणि पक्षाघाताच्या तक्रारी साठत गेल्यावर २००४ साली अमेरिकेनं एफेड्रा असलेल्या पूरकांवर (सप्लिमेंटांवर) बंदी घातली.

आता लगेच चिठ्ठीवरच्या औषधांच्या बाजूनं टाळ्या वाजवायची घाई नको. फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडवतं म्हणून १९९७ मध्ये गेलं. रिमोनाबँट नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे २००८ मध्ये युरोपातून गेलं. सिब्युट्रामिन हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यापायी २०१० मध्ये गेलं, लॉरकासेरिन कर्करोगाच्या शंकेवरून २०२० मध्ये. ही सगळी डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं होती. पण कोणी घेतली, किती घेतली, पुढे काय झालं याची नोंद होत होती, म्हणून दोष सापडला आणि औषध मागे घेता आलं. माझ्या मते तुलना करताना पहिला प्रश्न हाच: हे औषध घेतल्यावर माझ्यावर नजर कोणाची असणार आहे? किती किलो उतरतील, हे त्यानंतर.

पायरी १: हातातलं खोकं कोणत्या गटातलं, ते ओळखा

लोक दोन गट धरतात, प्रत्यक्षात तीन आहेत.

पहिला गट चिठ्ठीवरच्या औषधांचा: सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड, लिराग्लुटाइड, फेंटरमिन-टोपिरामेट, नाल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपियॉन, नुसतं फेंटरमिन आणि ऑर्लिस्टॅटचा १२० मि.ग्रॅ.चा डोस. (काही दुर्मीळ आनुवंशिक आजारांतल्या लठ्ठपणासाठी सेटमेलॅनोटाइड आहे, पण तो विषय वेगळा.)

दुसरा गट चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या खऱ्या औषधाचा. 'औषधाचा' हे एकवचन मुद्दाम लिहिलं आहे, कारण अमेरिकेत या गटात एकच नाव आहे: ऑर्लिस्टॅट ६० मि.ग्रॅ. ते तिथे २००७ पासून 'अ‍ॅली' या नावानं चिठ्ठीशिवाय मिळतं. ऑर्लिस्टॅटला चिठ्ठी लागते की नाही हे देशादेशांत वेगळं आहे, पण सिद्ध झालेलं आणि तरीही मोकळं मिळणारं दुसरं नाव शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही.

तिसरा गट पूरकांचा, म्हणजे सप्लिमेंटांचा. फॅट बर्नर, डिटॉक्स, स्लिमिंग कॅप्सूल, भुकेवरचे चघळायचे गोळे, चिकटवायचे पॅच. दुकानात हे दुसऱ्या गटाच्या शेजारी मांडलेलं असतं आणि खोकंही तसंच दिसतं. पण यातलं बहुतेक सगळं कायद्यानं औषध नसतंच. औषधाला विक्रीआधी परिणाम आणि सुरक्षितता दाखवावी लागते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार पूरकांवर ती सक्ती नाही.

ओळखायचं कसं? खोकं उलटं करा आणि बारीक अक्षरं वाचा. औषधावर प्रत्येक घटकाचं नाव आणि त्याचं नेमकं वजन असतं: 'ऑर्लिस्टॅट ६० मि.ग्रॅ.', विषय संपला. पूरकाच्या खोक्यावर बरेचदा एक लांबलचक यादी असते, तिच्या डोक्यावर 'प्रोप्रायटरी ब्लेंड' असं नाव आणि सगळ्या घटकांचं मिळून एकच वजन, समजा ९०० मि.ग्रॅ. त्यातलं कॅफिन किती, हिरव्या चहाचा अर्क किती, हे कळायला मार्ग नाही. पुढच्या बाजूला 'चयापचयाला साथ', 'नैसर्गिक समतोल' अशी धरायला गेलं तर निसटणारी वाक्यं असतात आणि तळाशी अगदी लहान टाइपात लिहिलेलं असतं, की हे उत्पादन कोणत्याही आजाराच्या निदानासाठी वा उपचारासाठी नाही. माझ्या लेखी त्या खोक्यावरचं सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच.

पायरी २: आपले आकडे आणि आपल्या गोळ्या एका कागदावर लिहा

वजन भागिले उंचीचा वर्ग (उंची मीटरमध्ये) म्हणजे बीएमआय. ८६ किलो वजन आणि १.६५ मीटर उंची असेल तर ८६ भागिले २.७२, म्हणजे साधारण ३१.६. चिठ्ठीवरच्या औषधांसाठी सर्वसाधारण पात्रता अशी: बीएमआय ३० किंवा अधिक, अथवा २७ किंवा अधिक आणि सोबत मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास यांपैकी काहीतरी. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत कमी बीएमआयलाही पोटाभोवती चरबी आणि मधुमेह दिसतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकसंख्यांसाठी २३ आणि २७.५ हे इशाऱ्याचे टप्पे सुचवले. तेव्हा आपला आकडा २८ असेल तर तो डॉक्टरांशी बोलण्याजोगा आहे. लग्नसमारंभाआधी चार किलो उतरवायचे आहेत, बीएमआय २४ आहे आणि बाकी प्रकृती ठणठणीत आहे, तर यातलं कोणतंही औषध तुमच्यासाठी नाही.

पोटाचा घेर, बीपी, उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर), थायरॉईडची तपासणी, यकृत आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट हेही त्याच कागदावर घ्या.

मग सध्या चालू असलेल्या गोळ्या लिहा. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि खरं घबाड कधीकधी इथेच सापडतं. स्टिरॉइडं, इन्सुलिन, मधुमेहावरच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या, ओलॅन्झापिनसारखी मानसोपचारातली औषधं, अमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन, व्हॅल्प्रोएट, काही बीटा-ब्लॉकर ही सगळी वजन वाढवू शकतात. त्यातल्या एखाद्याला वजन न वाढवणारा पर्याय मिळाला तर नवं औषध लागणारही नाही. आपल्या मनानं मात्र यातली एकही गोळी बंद करू नका. डॉक्टरांपुढे कागद ठेवायचा आणि विचारायचं, 'यातलं काही बदलता येईल का?'

पायरी ३: जाहिरातीतल्या टक्क्यांतून प्लासिबो वजा करा

औषधाच्या चाचणीत एका गटाला खरं औषध देतात, दुसऱ्याला तसंच दिसणारं बिनऔषधाचं, म्हणजे प्लासिबो. आहाराचा आणि व्यायामाचा सल्ला दोघांनाही सारखाच. त्यामुळे दुसऱ्या गटाचंही वजन थोडं उतरतंच. औषधाची खरी कमाई म्हणजे या दोन आकड्यांतली तफावत.

सेमाग्लुटाइड २.४ मि.ग्रॅ.च्या 'स्टेप १' चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, प्लासिबो गटात २.४ टक्के. टिर्झेपॅटाइडच्या 'सरमाउंट-१' मध्ये ७२ आठवड्यांनंतर १५ मि.ग्रॅ.च्या डोसवर २०.९ टक्के, प्लासिबोवर ३.१. लिराग्लुटाइड ३ मि.ग्रॅ.वर ५६ आठवड्यांत ८ टक्के, प्लासिबोवर २.६. नाल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपियॉनवर साधारण ६, प्लासिबोवर १.३. फेंटरमिन-टोपिरामेटच्या वरच्या डोसवर ९.८, प्लासिबोवर १.२. ऑर्लिस्टॅट १२० मि.ग्रॅ.ची ३,३०५ जणांवर ४ वर्षं चाललेली चाचणी आहे. तिच्यात अखेरीस ५.८ किलो उतरले आणि प्लासिबोवर ३ किलो. म्हणजे औषधाची कमाई ३ किलोंच्याही आत. चिठ्ठीशिवाय मिळणारा डोस याच्या निम्मा आहे, हे लक्षात ठेवूनच अपेक्षा बांधा. (त्याच चाचणीत मधुमेह होण्याचं प्रमाण ३७ टक्क्यांनी घटलं, तेव्हा ३ किलोंना नाक मुरडण्याचंही कारण नाही.)

या सरासऱ्या आहेत. त्याच सेमाग्लुटाइडवर एखाद्याचं २५ टक्के उतरतं आणि एखाद्याचं ४. आपण कोणत्या बाजूला पडणार हे घेतल्याशिवाय कळत नाही, म्हणूनच पुढे येणारी बारा आठवड्यांची परीक्षा महत्त्वाची.

आता पूरकांची परीक्षा याच मापानं घेऊ. गार्सिनिया कॅम्बोजियावर १९९८ साली १३५ जणांची, प्लासिबो ठेवून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांनंतर प्लासिबो गटाचंच वजन जरा अधिक उतरलेलं निघालं. ग्रीन कॉफीच्या अर्काचा बोलबाला झाला तो २०१२ च्या अवघ्या १६ जणांच्या अभ्यासावरून, आणि तो शोधनिबंध २०१४ मध्ये मागे घ्यावा लागला. खोकी अजून विकली जातायत. रास्पबेरी कीटोनसाठी माणसांवरचा दखल घेण्याजोगा पुरावा नाही. क्रोमियमचा आणि सीएलए या मेदाम्लाचा परिणाम झालाच तर वजनकाट्याला जेमतेम कळेल इतका. ग्लुकोमॅनान हा तंतुमय पदार्थ पोट भरल्यासारखं वाटायला लावतो, पण गोळी पुरेशा पाण्याविना गिळली तर ती अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते.

पायरी ४: औषध शरीरात काय करतं ते समजून घ्या

ऑर्लिस्टॅटपासून सुरुवात करू, कारण चिठ्ठीवर आणि चिठ्ठीशिवाय अशा दोन्ही बाजूंना असणारं हे एकमेव औषध. खाल्लेली चरबी आतड्यात जशीच्या तशी शोषली जात नाही. लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) तिचे तुकडे करतं, मगच ती रक्तात जाते. ऑर्लिस्टॅट त्या लायपेजला अडवतं. १२० मि.ग्रॅ.च्या डोसवर खाल्लेल्या चरबीपैकी सुमारे ३० टक्के आणि ६० मि.ग्रॅ.वर सुमारे २५ टक्के चरबी न पचता बाहेर पडते. हिशोब करून पाहा. दिवसाला ६० ग्रॅम चरबी पोटात जात असेल तर ३० टक्के म्हणजे १८ ग्रॅम, एका ग्रॅमला ९ कॅलरी धरून १६० च्या आसपास. दिवसाला एवढीच बचत. भुकेवर परिणाम शून्य, साखरेच्या आणि पिठाच्या कॅलरींवरही शून्य. गोड खाऊन वजन वाढवलेल्या माणसाला हे औषध लागू पडत नाही ते यामुळेच.

न पचलेली चरबी बाहेर पडते ती शौचावाटे. तेलकट शौच, अचानक जोराची घाई, वायूबरोबर कपड्यांवर डाग. जेवण जितकं तेलकट, तितका त्रास अधिक. जेवणातल्या ३० टक्क्यांहून जास्त कॅलरी चरबीच्या असतील तर गोळी लगेच हिशोब चुकता करते. पहिले काही दिवस घरी असताना सुरू करा, हा सल्ला हसण्यावारी नेऊ नका. कॅप्सूल जेवणासोबत किंवा त्यानंतर तासाभरात घ्यायची. जेवण चुकलं किंवा त्यात चरबी नव्हती, तर डोसही सोडायचा. अ, ड, ई आणि के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही सोबत वाहून जातात, म्हणून रोज एक मल्टिव्हिटॅमिन, आणि तीही ऑर्लिस्टॅटपासून किमान २ तास दूर. झोपताना घेतली की झालं.

सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड यांचं काम अगदी वेगळं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हा संप्रेरक सुटतो. तो मेंदूला 'पुरे' म्हणून सांगतो, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतो आणि शुगर वाढलेली असेल तर इन्सुलिन वाढवतो. आपला नैसर्गिक जीएलपी-१ काही मिनिटांत नष्ट होतो. औषधातला रेणू टिकाऊ बनवलेला असतो. सेमाग्लुटाइड निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो, म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदा. टिर्झेपॅटाइड जीएलपी-१ सोबत जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. लिराग्लुटाइडचं इंजेक्शन रोज घ्यावं लागतं. घेणारे सांगतात की भूक मरण्यापेक्षाही, दिवसभर डोक्यात चालणारा खाण्याचा विचार थांबतो. हे ऐकायला किरकोळ वाटतं. ज्यांच्या डोक्यात तो विचार चालतो त्यांना विचारा.

नावांचा घोळ इथे पुष्कळ आहे. ओझेम्पिक आणि वेगोव्ही दोन्ही सेमाग्लुटाइडच. पहिलं मधुमेहासाठी, दुसरं वजनासाठी. मौंजारो आणि झेपबाउंड दोन्ही टिर्झेपॅटाइड. सॅक्सेंडा म्हणजे लिराग्लुटाइड. ब्रँडच्या नावानं तुलना करण्यापेक्षा घटकाच्या नावानं करा. एकच घटक दोन नावांनी दुप्पट घेतला जाण्याची चूकही त्यामुळे टळते.

सेमाग्लुटाइडकडे आणखी एक गोष्ट आहे. 'सिलेक्ट' या १७,६०४ जणांच्या चाचणीत, आधीच हृदयरोग असलेल्या पण मधुमेह नसलेल्या लठ्ठ किंवा जादा वजनाच्या लोकांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगानं मृत्यू हे एकत्र मिळून २० टक्क्यांनी घटले. पूरकांच्या अख्ख्या रांगेत असं दाखवू शकणारं एकही खोकं नाही.

उरलेल्यांचं थोडक्यात. फेंटरमिन १९५९ पासून आहे. ते उत्तेजक आहे, झोप उडवतं, नाडी आणि बीपी वाढवू शकतं, आणि अमेरिकेत ते थोड्या आठवड्यांपुरतंच मान्य आहे. टोपिरामेटची जोड दिली की परिणाम वाढतो, पण हातापायांना मुंग्या येणं आणि ऐन वेळी शब्द न आठवणं हेही वाढतं. नाल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपियॉन मेंदूतल्या भूक आणि तलफ यांच्या वाटांवर काम करतं. मळमळ आणि बीपी यांवर लक्ष हवं.

पायरी ५: आधी 'मला कोणतं चालणार नाही' ते ठरवा

चांगलं कोणतं हे शोधण्याआधी न चालणारी नावं खोडून टाकली की यादी झटकन आखूड होते.

गरोदर असाल किंवा लवकरच व्हायचं असेल तर वजनाचं कोणतंही औषध नको. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवायचं असतं. टोपिरामेटमुळे बाळाचा ओठ वा टाळू दुभंगण्याचा धोका वाढतो, म्हणून ते सुरू करण्याआधी आणि पुढे दर महिन्याला गर्भधारणेची चाचणी करायला सांगतात. टिर्झेपॅटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचं शोषण कमी होऊ शकतं. ते सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन वापरा. ही सूचना अनेक जणींपर्यंत पोहोचतच नाही.

स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला थायरॉईडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल, किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक विकार असेल, तर जीएलपी-१ गट (सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड) बाद. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आकडी येत असेल, बीपी आटोक्यात नसेल किंवा ओपिऑइड वेदनाशामकं (मॉर्फीन, ट्रामाडॉलसारखी) चालू असतील तर नाल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपियॉन नको. हृदयरोग, काचबिंदू किंवा थायरॉईडचं संप्रेरक वाढलेलं (हायपरथायरॉईडिझम) असेल तर फेंटरमिन नको. अन्नशोषणाचा जुना आजार असेल किंवा पित्तप्रवाह अडलेला असेल तर ऑर्लिस्टॅट नको.

ऑर्लिस्टॅट चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणून इतर गोळ्यांशी त्याचं भांडण नाही असं समजू नका. थायरॉईडची लेव्होथायरॉक्सिन गोळी घेत असाल तर दोन्हींत चार तासांचं अंतर. प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. वॉर्फरिन घेणाऱ्यांच्या रक्ताच्या गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. क्वचित यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर गोळी तिथेच बंद.

पूरकांच्या बाबतीत ही खोडायची यादी करताच येत नाही, कारण आत काय आहे तेच पक्कं ठाऊक नसतं. अमेरिकी औषध नियामकांना 'शुद्ध वनस्पतिजन्य' स्लिमिंग कॅप्सूलमध्ये तेच बंदी घातलेलं सिब्युट्रामिन वारंवार सापडलं आहे. हिरव्या चहाचा अर्क तर सर्वांत निरुपद्रवी वाटणारा. पण पूरकातून दिवसाला ८०० मि.ग्रॅ. किंवा जास्त ईजीसीजी (हिरव्या चहातला एक मुख्य घटक) गेलं तर यकृताची विकरं वाढल्याचं दिसतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये नोंदवलं. कपातल्या चहाला हे लागू नाही. रेचकं आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या वजनकाट्यावर आकडा खाली आणतात, पण जातं ते पाणी आणि क्षार, चरबी जागच्या जागी राहते.

पायरी ६: डॉक्टरांकडे जाताना

दुसऱ्या पायरीतला कागद सोबत न्या. पूरकं, चूर्ण, काढे, सगळं त्यावर असू द्या. 'ते काही औषध नाही' म्हणून लपवू नका. मग थेट विचारा. माझ्यासाठी हेच औषध का? बारा आठवड्यांनी किती उतरलं तर ते लागू पडलं म्हणायचं? नाही पडलं तर पुढे काय? रक्ततपासणी कधी? मधुमेहाच्या चालू गोळ्यांचा डोस कमी करायचा का? हा शेवटचा प्रश्न इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांनी विसरूच नये, कारण जीएलपी-१ ची भर पडली की शुगर एकदम खाली जाऊ शकते. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला त्रास असेल तर डोळ्यांची तपासणी आधी करून घ्या.

वजन न करता, बीपी न बघता, दोन मिनिटांत इंजेक्शन लिहून देणारा भेटला तर चिठ्ठी असूनही तुमच्यावर नजर कोणाचीच नाही. ऑनलाइन फॉर्म भरून मिळणाऱ्या चिठ्ठीचंही तेच.

पायरी ७: पहिले बारा आठवडे

जीएलपी-१ गटात डोस हळूहळू चढवतात. सेमाग्लुटाइड ०.२५ मि.ग्रॅ.पासून, मग दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४. टिर्झेपॅटाइड २.५ पासून. सुरुवातीचा डोस वजन उतरवण्यासाठी नसतोच, तो पोटाला सवय व्हावी म्हणून असतो. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून डोस स्वतः वाढवणारे लोक आठवडाभर उलट्या करत बसतात. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर तिथेच आणखी थांबता येतं, घाई कोणालाच नाही.

मळमळ, बद्धकोष्ठ, कधी जुलाब हे नेहमीचे त्रास आहेत आणि डोस वाढवल्यावर ते उसळतात. थोडं थोडं खा, सावकाश खा, आणि पोट भरल्याची पहिली खूण मिळाली की हात आवरा. तेलकट जेवण टाळा. पाणी विसरू नका. तहानही कमी लागते आणि उलट्या-जुलाब झाले तर मूत्रपिंडावर ताण येतो. उतरलेल्या वजनात स्नायूंचाही चांगलाच वाटा असतो, म्हणून प्रथिनं आणि वजन उचलण्याचे व्यायाम औषधाइतकेच गंभीरपणे घ्या, विशेषतः पन्नाशीपुढे. कोणतंही ऑपरेशन किंवा भूल ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा, कारण उपाशी असूनही जठरात अन्न शिल्लक राहू शकतं.

पोटात वरच्या बाजूला असह्य, पाठीकडे जाणारी आणि न थांबणारी कळ, ताप किंवा काविळीसोबत उजव्या बरगडीखाली दुखणं, सतत उलट्या, छातीत धडधड, मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार: यांतलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच काट्यावर. पूर्ण डोसवर १२ आठवडे झाल्यावर सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्केही उतरले नसतील तर नाल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपियॉन बंद करायला सांगतात. लिराग्लुटाइडला १६ आठवड्यांत ४ टक्क्यांची अट आहे. ऑर्लिस्टॅटलाही १२ आठवड्यांनी ५ टक्के हीच कसोटी लावा. फेंटरमिन-टोपिरामेट मात्र एकदम तोडू नका; आकडी येण्याचा धोका असतो, ते उतरवत उतरवत बंद करावं लागतं.

पायरी ८: थांबवल्यावर काय, हे सुरू करण्याआधी ठरवा

हा प्रश्न सुरुवातीला कोणी विचारत नाही आणि नंतर पस्तावा याच ठिकाणी होतो. 'स्टेप १' मधल्या लोकांचं सेमाग्लुटाइड थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. यात मनाचा कच्चेपणा शोधू नका. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं. औषध त्या ओढीला धरून ठेवत होतं, ते काढलं की ओढ परत. बीपीची गोळी सोडली की बीपी चढतं तसंच. तेव्हा वर्षानुवर्षं घेण्याची तयारी आहे का, खर्च झेपेल का, इंजेक्शन चालेल का, पुरवठा खंडित झाला तर काय, हे आधीच बोलून घ्या. दोन-तीन आठवडे डोस चुकले असतील तर पुन्हा थेट जुन्या मोठ्या डोसवर जाऊ नका, डॉक्टरांना विचारून खालच्या पायरीपासून चढा.

खोट्या पेनांविषयी

ही इंजेक्शनं बहुधा पेनासारख्या साधनात भरलेली मिळतात. मागणी वाढली तशी नकली इंजेक्शनं आली. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२४ मध्ये नकली सेमाग्लुटाइडविषयी इशारा दिला. खोट्या पेनमध्ये भलतंच काही, अगदी इन्सुलिनही असू शकतं आणि त्यानं शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. कुपीतून सिरिंजनं ओढून घ्यायचं मिश्रण आणखी फसवं असतं, कारण मि.ग्रॅ., मि.ली. आणि सिरिंजवरची 'युनिट' ही तीन मापं एकमेकांत मिसळली की लोक पाच-दहापट डोस टोचून घेतात आणि रुग्णालयात पोहोचतात. सीलबंद पेन, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख, लेबलवरची नीट छपाई, डोस फिरवायची कळ घट्ट आणि सरळ बसलेली आहे का, वाटेत सतत थंड ठेवून आणलं का, हे बघूनच घ्या. मेसेजवर फोटो पाठवून घरपोच देणाऱ्याकडून घेऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.

आधीच असं काही टोचून घेतलं असेल आणि घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटत असेल तर शुद्धीवर असताना लगेच साखर खा, ताबडतोब दवाखान्यात जा आणि ते पेन किंवा कुपी सोबत न्या.